मूळ आवाज

तळवट घाटातले जुने बिनतारी संच कायमचे बंद झाले, त्या दिवशी खरं तर वृषाली आंबेरकरला आनंद व्हायला हवा होता. चौदा वर्षं तिनं त्यांची मिजास सांभाळली होती. दमट हवेत त्यांचे घसे बसायचे, उन्हाळ्यात बॅटऱ्या फुगायच्या आणि बोगद्यात दोन किलोमीटर आत गेलं की नुसती खरखर. साडेसात किलोमीटरच्या बोगद्यात मधला सगळा भाग मुका. तिथं काही झालं तर बचाव पथकातला एक माणूस संदेश घेऊन धावत बाहेर यायचा. दोन हजार एकोणचाळीस सालीसुद्धा!

त्यामुळे नवे नियम आले तेव्हा सगळ्यात आधी तिनंच पेढा मागितला होता. एकतीस मार्चच्या आत राज्यातल्या प्रत्येक अग्निशमन, रुग्णवाहिका आणि बचाव केंद्रानं नवे डिजिटल संच बसवायचे, बोगद्यांमध्ये दर चारशे मीटरवर आवाज पुढं पोचवणारे पुनर्प्रक्षेपक लावायचे, आणि प्रत्येक संचात स्वरमापक हवाच. हे झालं नाही तर केंद्राचा परवाना रद्द. तळवटच्या केंद्रात चौसष्ट हातसंच, अकरा गाड्यांवरचे संच आणि बिनतारी तंत्रज्ञ एकच, वृषाली. दोन महिने ती बोगद्याच्या छताला लागलेल्या शिडीवरच राहत होती म्हटलं तरी चाललं असतं.

स्वरमापक ही त्यातली खरी नवलाई. या नियमामागे एक जुनी दुर्घटना होती. एका गोदामाच्या आगीत दोन जवान गेले होते. दोघंही शेवटपर्यंत संचावर सांगत होते, "ठीक आहे, पुढं जातोय." चौकशी आयोगानं ती ध्वनिमुद्रणं तज्ज्ञांकडे दिली. तज्ज्ञांनी सांगितलं, की या दोघांच्या शरीरात विषारी वायू भिनत होता हे त्यांच्या आवाजात अकरा मिनिटं आधीपासून उमटलं होतं. फक्त ते ऐकू येईल असा कान तिथं कुणाला नव्हता.

तो कान म्हणजे स्वरमापक. प्रशिक्षणाला गेली तेव्हा वृषालीला हे सगळं सोपं करून सांगितलं होतं. माणूस बोलतो तेव्हा फुप्फुसातली हवा स्वरतंतूंना थरथरवते, सेकंदाला शे-दोनशे वेळा. निरोगी माणसाच्या आवाजात एक थरथर दुसरीसारखी असते, अगदी थोडी इकडेतिकडे. रक्तातला प्राणवायू कमी झाला, फुप्फुसात पाणी धरायला लागलं, हृदय दमलं, की हे इकडेतिकडे वाढतं. दोन शब्दांमधल्या विश्रांतीच्या जागा बदलतात. वाक्य जिथं एका श्वासात संपायचं तिथं दोन लागतात. आपल्या कानाला यातलं काही कळत नाही, यंत्राला कळतं. "आवाज म्हणजे बोलण्याबरोबर फुकट मिळणारा रक्ततपासणीचा कागद," असं शिकवणारे सर म्हणाले होते.

अडचण एकच होती. प्रत्येकाचा आवाज वेगळा. कुणाचा मुळातच घोगरा, कुणी मुळातच धापा टाकत बोलणारा. म्हणून यंत्राला त्या माणसाचा धडधाकट असतानाचा आवाज द्यावा लागे, तुलनेसाठी. त्याला नियमावलीत 'मूळ आवाज' म्हटलं होतं. पाच किंवा अधिक वर्षांपूर्वीचं ध्वनिमुद्रण केंद्राकडे असेल तर तेच मूळ आवाज म्हणून वापरायचं. नसेल तर आजचा आवाज घ्यायचा आणि 'जुनं मुद्रण उपलब्ध नाही' या चौकोनात खूण करायची.

तळवटला जुनी मुद्रणं होती. वृषालीनंच जपून ठेवली होती.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तिनं एकेकाला बोलावून आवाज घ्यायला सुरुवात केली. प्रत्येकानं एक ठरावीक परिच्छेद वाचायचा. कंट्रोल रूममधला ठोंबरे बातम्या दिल्यासारखा वाचून गेला. उपपथकप्रमुख समीर मुजावर यांनी चष्मा विसरला म्हणून अर्धा परिच्छेद स्वतःच्या मनानंच रचला. पडद्यावर एकामागून एक हिरव्या ओळी उमटत होत्या.

शेवटी आली ज्योत्स्ना. बचाव पथकाची प्रमुख आणि वृषालीची थोरली बहीण.

"लवकर आटप गं, बोगद्याच्या वरच्या तोंडाशी पंख्यांची चाचणी आहे," खुर्चीत बसत ती म्हणाली आणि तिनं खणखणीत आवाजात परिच्छेद वाचला.

ओळ पिवळी झाली.

वृषालीनं माइक बदलला. पुन्हा पिवळी. खोलीतला पंखा बंद केला, तिसऱ्यांदा वाचायला लावलं. पिवळी, आणि आता खाली बारीक अक्षरांत एक वाक्यही आलं : सहा वर्षांपूर्वीच्या मूळ आवाजाशी तुलना करता फुप्फुसात द्रव साठत असल्याची शक्यता, वैद्यकीय तपासणी होईपर्यंत सक्रिय कामावरून दूर ठेवावे.

ज्योत्स्नानं मान वाकवून ते वाचलं.

"यंत्र नवीन आहे," वृषाली म्हणाली. "चुकतही असेल."

"बाकी साठ जणांच्या बाबतीत चुकलं नाही ना?"

"ताई, तपासणी तर करून घे."

"आणि अहवाल यायला दोन महिने, समितीसमोर जायला चार. तोवर मी टेबलावर. एकदा टेबलावर बसवलेली बाई पुन्हा बोगद्यात गेलेली तू कुठं पाहिलीस?" ज्योत्स्ना उठली. टोपी हातात घेतली. "तुला जे योग्य वाटेल ते कर. मी काही सांगणार नाही."

तिनं 'खोटं लिही' म्हटलं असतं तर वृषाली भांडली असती. पण ती तसं म्हणाली नाही.

आई गेली तेव्हा वृषाली नऊ वर्षांची होती आणि ज्योत्स्ना सोळा. वडील एसटीत चालक, मुक्कामाच्या गाडीवर. वृषालीच्या वेण्या, डबे, शाळेतल्या पालकसभा, पहिली पाळी, पॉलिटेक्निकचा फॉर्म, सगळं ताईनं केलं. मग स्वतः बाविसाव्या वर्षी अग्निशमन दलात भरती झाली. तळवटच्या पथकाची पहिली बाई प्रमुख व्हायला तिला आणखी एकोणीस वर्षं लागली. पहिले काही महिने तिचा हुकूम संचावर ऐकूनही न ऐकल्यासारखं करणारे लोक होते. आता तेच तिच्या नावानं शपथा घेत.

वृषाली पडद्यासमोर बसून राहिली. मग तिनं सहा वर्षांपूर्वीचं ते मुद्रण बाजूला काढलं, आजचा आवाज मूळ आवाज म्हणून चढवला आणि चौकोनात खूण केली. जुनं मुद्रण उपलब्ध नाही.

ओळ लगेच हिरवी झाली. हिरवी होणारच होती. आजारी आवाजाची तुलना आता त्याच आजारी आवाजाशी होत होती.

अठ्ठावीस तारखेला अग्निशमन संचालनालयाच्या निरीक्षक डिमेलो मॅडम आल्या. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी बोगद्यात मधोमध उभं राहून संच लावला, आवाज स्वच्छ आला. नोंदी पाहिल्या. त्या एका चौकोनापाशी बोट थांबलं.

"यांचं एकट्यांचंच जुनं मुद्रण नाही?"

"खराब झालं होतं, मॅडम," वृषाली म्हणाली.

डिमेलोंनी तिच्याकडे पाहिलं आणि सही केली. केंद्रात टाळ्या वाजल्या. ज्योत्स्नानं सगळ्या पथकाला गरम कांदाभजी खिलवली. वृषालीला एकसुद्धा गोड लागलं नाही.

त्यानंतर तिचं लक्ष ताईवरून हटेना. केंद्रामागच्या बिनतारी मनोऱ्याच्या पायऱ्या चढताना ज्योत्स्ना आता मध्येच थांबायची आणि दरीकडे बोट दाखवून काहीबाही बोलायची. जेवताना घास खाली ठेवायची. एका रविवारी सकाळी नळाची तोटी बदलून द्यायला वृषाली तिच्या क्वार्टरवर गेली तर पलंगावर तीन उशा एकावर एक रचलेल्या.

"मान आखडते," ज्योत्स्ना म्हणाली.

वृषालीनं स्वरमापकाची पुस्तिका एव्हाना इतक्यांदा वाचली होती की पानं पाठ झाली होती. फुप्फुसात पाणी साठणाऱ्या माणसाला आडवं झोपवत नाही, तो उशा वाढवत जातो, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. ती तडक केंद्रात आली आणि तिनं ते सहा वर्षांपूर्वीचं मुद्रण कानाला लावलं. दरड कोसळली होती तेव्हाचं होतं ते. "मुजावर, डाव्या बाजूनं दोर टाका आणि लाल गाडी मागं घ्या, मी खाली उतरतेय." एका दमात. मग कालचं लावलं. "मुजावर, पंखे... तीन आणि चार चालू करा... मी येते." यंत्र नसतं तरी कळलं असतं. कुणी ऐकायला बसलं असतं तर.

सोमवारी सकाळी साडेदहाला तिनं ज्योत्स्नाला गाडीतळावर गाठलं.

"ताई, मी ते परत बदलणार आहे. जुना आवाज चढवणार आहे."

ज्योत्स्ना गाडीचं दार धरून उभी राहिली. "कधी?"

"आज."

"एवढं सगळं मी तुझ्यासाठी..." ती मध्येच थांबली. ते वाक्य तिनं आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं आणि अर्ध्यावरच तिला त्याची लाज वाटली असावी. "बदल. पण मग माझ्याशी बोलायला येऊ नकोस."

वृषाली काही म्हणणार तोच भोंगा वाजला.

बोगद्याच्या दोन समांतर नळ्यांपैकी कोकणाकडे उतरणाऱ्या नळीत, साडेतीन किलोमीटर आत, फोमच्या गाद्या भरलेल्या ट्रकनं पेट घेतला होता. त्याच्या मागं देशावरून आलेली एसटी. चालक-वाहक धरून एकतीस माणसं. ज्योत्स्ना गाडीत चढलीसुद्धा.

वृषाली कंट्रोल रूममध्ये पोचली तेव्हा ठोंबरेनं रस्ता दोन्ही बाजूंनी बंद केला होता. मोठ्या पडद्यावर पथकातल्या नऊ जणांची नावं होती, प्रत्येकापुढं एक हिरवा ठिपका. आणि बोगद्याच्या पोटातून, जिथून आजवर फक्त खरखर आली होती तिथून, ज्योत्स्नाचा आवाज आला, मुखवट्याच्या आतून, तरीही शेजारी बसल्यासारखा.

"कंट्रोल, मी बसपाशी. धूर छातीपर्यंत. माणसं... बारा नंबरच्या जोडमार्गानं पलीकडच्या नळीत नेतेय. पलीकडं रुग्णवाहिका आणा."

"रुग्णवाहिका निघाल्या, मॅडम," ठोंबरे म्हणाला. मग वृषालीकडे वळून, "काय स्वच्छ येतंय हो! आधी असतं तर आत्ता कुणीतरी पळत बाहेर आलं असतं."

पहिले दहा जण पलीकडे पोचले. मग सोळा. ज्योत्स्ना दर वेळी आकडा सांगत होती आणि दर वेळी आकड्याआधीची विश्रांती लांबत होती. "एकोणीस... आले." हिरवा ठिपका ढिम्म हलला नाही. बाकी आठ ठिपके खरे होते. हा एक वृषालीनं लावला होता.

"पंचवीस," ज्योत्स्ना म्हणाली. "सहा राहिले. मागच्या सीटवर... म्हाताऱ्या बायका आहेत. मी जाते."

आत्ता बदल केला तर नियमाप्रमाणे पथकाचं नेतृत्व त्याच क्षणी मुजावरांकडे जाईल आणि ताईला माघारी फिरावं लागेल. भर आगीत. आतल्या सहा बायकांचं काय? पण ताई आत कोसळली तर तिला उचलायला दोन माणसं लागतील, आणि मग त्या सहा बायकांसाठी कुणीच उरणार नाही. गोदामाच्या आगीत नेमकं हेच घडलं होतं. पहिल्या जवानाला आणायला गेलेला दुसराही परतला नव्हता.

तिनं बाजूचा संगणक उघडला. ज्योत्स्नाची नोंद काढली, जुनं मुद्रण जोडलं. यंत्रानं बदलाचं कारण विचारलं. तिनं लिहिलं, 'आधीची नोंद खोटी आहे. ती मी केली. वृषाली आंबेरकर.' आणि कळ दाबली.

तुलना व्हायला चाळीस सेकंद लागली. ठिपका पिवळ्यावर थांबलाच नाही, एकदम लाल झाला. सगळ्या संचांवर यंत्राचा सपाट आवाज घुमला : "पथकप्रमुख एक, ताबडतोब बाहेर या. नेतृत्व समीर मुजावर."

ठोंबरेनं वळून वृषालीकडे पाहिलं.

"वृषाली, हे बंद कर," ज्योत्स्ना म्हणाली. खुल्या वाहिनीवर, सगळ्यांच्या कानांत.

वृषालीनं ठोंबरेच्या हातून माइक घेतला. "नाही ताई."

"सहा जणी आहेत आत!"

"तुझ्या छातीत पाणी भरलंय. तू पडशील आणि तुला उचलण्यात त्या सहा जणी राहतील. बाहेर ये."

नुसता श्वास ऐकू येत होता, ओलसर, तुटक. मग मुजावरांचा आवाज आला, नेहमीसारखाच संथ. "मॅडम, मी बसच्या दारात आहे. माझा ठिपका हिरवा आहे. बाकीच्या सहा माझ्यावर सोडा."

ज्योत्स्नानं काय विचार केला हे कुणालाच कधी कळलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मागच्या दाराची कडी... अडकते. वर उचलून ओढा." आणि मग, "फिरतेय."

बारा नंबरच्या जोडमार्गातून ती भिंतीला धरून बाहेर आली आणि रुग्णवाहिकेच्या पायरीवर बसली, ती बसलीच. ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी मुखवटा काढून प्राणवायू लावला आणि तसंच बसवून नेलं. आडवी झाली असती तर गुदमरली असती. रुग्णवाहिका वळणाआड जायच्या आत मुजावरांनी आकडा सांगितला.

"एकतीस. सगळे बाहेर."

ठोंबरे टेबलावर डोकं टेकून रडायला लागला. वृषाली तेवढंसुद्धा करू शकली नाही. एसटीतल्या एका बाईच्या पायातली चप्पल आतच राहिली म्हणून ती पलीकडं तक्रार करतेय हे संचावर ऐकून तिला हसू फुटलं, ते थांबेना.

रुग्णालयात डॉक्टर कानविंदे यांनी तिला संध्याकाळच्या आत खरं काय ते सांगितलं. ज्योत्स्नाच्या हृदयाची एक झडप अरुंद होत होत सुईच्या भोकाएवढी झाली होती.

"लहानपणी घसा दुखून ताप, मग सांधे धरले होते का?"

वृषालीला काही आठवेना. ती तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती. पण फोनवर वडिलांना लगेच आठवलं. तळवटच्या शाळेत होती, सातवीत, महिनाभर गुडघे सुजले होते. आई म्हणाली होती, वाढीचं दुखणं आहे.

"तोच ताप झडपेला चिकटून राहिला," डॉक्टर म्हणाले. "तीस-पस्तीस वर्षं शरीर सांभाळून घेतं. मग एक दिवस सांभाळत नाही. यांची दर वर्षी तपासणी होते ना?"

होते. गेल्या दोन वर्षी ज्योत्स्नानं नेमकी त्याच आठवड्यात रजा टाकली होती.

"काय करता येईल?"

"मांडीतल्या शिरेतून एक बारीक फुगा हृदयापर्यंत न्यायचा, झडपेत फुगवायचा आणि काढून घ्यायचा. आधी फुप्फुसातलं पाणी उतरू दे. परवा सकाळी करू." त्यांनी चष्मा पुसला. "अजून महिना गेला असता तर मला हे इतकं सहज सांगता आलं नसतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिला आत नेलं आणि पावणेअकराला डॉक्टर स्वतः बाहेर आले. त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. वृषाली भिंतीला टेकली आणि हळूहळू खाली फरशीवर बसली. शेजारच्या बाकावरच्या अनोळखी बाईनं तिला पाणी दिलं. वडिलांना फोन लावला तर तिला बोलताच येईना. त्यांनीच विचारलं, "बरी आहे ना?" तिनं "हं" केलं, आणि पलीकडं त्यांनीही फोन न ठेवता नुसताच धरून ठेवला.

दुपारी ज्योत्स्नाला जाग आली. ती छताकडे बघत पडली होती, एका उशीवर.

"आलीस का?"

"तू येऊ नकोस म्हणाली होतीस."

"म्हणाले होते." ज्योत्स्नानं एक खोल श्वास घेतला, सोडला. मग आणखी एक. जणू घरात नवीन आणलेली वस्तू चालवून बघत होती. "अगं, मला वाटलं वय झालं. सगळ्यांना चाळिशीनंतर असाच दम लागत असेल. असा नीट श्वास घेता येतो, हे मी विसरूनच गेले होते."

वृषाली रडायला लागली.

"सगळ्यांसमोर काढलंस मला बाहेर," ज्योत्स्ना म्हणाली.

"हो."

"कडी उघडली का मुजावरला?"

"वर उचलून ओढली. लगेच उघडली."

"मग रडतेस कशाला? इकडं ये." तिनं पलंगावर जागा केली. सलाईनची नळी सांभाळत वृषाली तिच्याशेजारी बसली आणि ज्योत्स्नानं तिच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला.

चौकशी आठ दिवसांनी झाली. डिमेलो मॅडम एकट्याच आल्या होत्या. वृषालीनं सगळं स्वतःच लिहून दिलं होतं, त्यामुळे विचारण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. नोकरी जाणार असं तिनं धरूनच चाललं होतं. त्या सकाळी तिनं आपल्या कपाटातली हत्यारं पुसून रांगेत लावून ठेवली होती, नंतर येणाऱ्याला सोपं जावं म्हणून.

"सहा महिने तुम्हाला प्रमाणपत्रांवर सही करता येणार नाही," डिमेलो म्हणाल्या. "त्यानंतर पुन्हा परीक्षा. यापेक्षा कमी मी करू शकत नाही."

"एवढंच?"

डिमेलोंनी पिशवीतून एक कागद काढला. "राज्यात नव्वद केंद्रं तपासून झाली आतापर्यंत. त्यात एकशे बारा लोकांपुढं तीच खूण आहे. जुनं मुद्रण उपलब्ध नाही. मी सगळीकडं विचारलं. खराब झालं, हरवलं, उंदरांनी तारा कुरतडल्या." त्या पहिल्यांदाच किंचित हसल्या. "स्वतःहून खूण काढणाऱ्या तुम्ही एकट्या. तुमच्यासमोर बसले तेव्हाही मला कळलं होतं, मुद्रण खराब झालेलं नाही. आणि मी सही केली. माझ्यापुढंही तारीख होती."

वृषालीनं तो कागद पुढं ओढून पाहिला.

"चूक यंत्रात नाही, आमच्या नियमात आहे," डिमेलो पुढं म्हणाल्या. "पिवळा दिसला की माणूस कामावरून बाहेर, एवढंच आम्ही लिहिलं. मग त्याचं काय, हे लिहिलंच नाही. लपवतील नाही तर काय करतील? मी मसुदा दिलाय. पिवळा ठिपका आधी फक्त त्या माणसाला आणि डॉक्टरला दिसेल. तपासणी आठ दिवसांत. बरा झाला की त्याची जागा त्यालाच, हे लेखी."

जूनमध्ये तो बदल मंजूर झाला. ज्योत्स्ना तोवर घरी आली होती आणि रोज सकाळी मनोऱ्यापर्यंत चालत होती. धुरात शिरायची परवानगी डॉक्टरांनी अजून दिली नव्हती. कदाचित डिसेंबरात, म्हणाले होते, कदाचित नाही. तोवर बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून पथक चालवायचं. पहिल्याच दिवशी तिनं मुजावरांना इतक्या सूचना दिल्या की त्यांनी हात जोडले.

एका दुपारी डिमेलोंचा फोन आला. त्या एकशे बारांपैकी एकवीस जण पुढं आले होते. बाकीचे अजून घाबरत होते. त्यांच्या घरच्यांनी, मित्रांनी कुणीकुणी त्यांच्या दुखण्यांबद्दल कळवलं होतं, पण सरकारी माणसाचा फोन ते उचलत नव्हते. ज्योत्स्ना बोलेल का त्यांच्याशी?

ज्योत्स्नानं यादी मागवून घेतली. वृषालीनं टेबलाशी खुर्ची ओढून दिली आणि चहा ठेवायला आत गेली. स्वयंपाकघरातून तिला ताईचा आवाज ऐकू येत होता.

"नमस्कार, मी तळवट घाटातून ज्योत्स्ना आंबेरकर बोलतेय. नाही, नाही, अहो सरकारतर्फे नाही. ठेवू नका. मीही खोटं बोलले होते तुमच्यासारखंच, मग हृदयात फुगा घालून बरी झाले, म्हणून फोन केला."

ज्योत्स्ना वाट पाहत राहिली. दूध वर आलं, वृषालीनं गॅस बारीक केला.

मग ज्योत्स्ना मोकळेपणानं हसली. "फुग्याचं विचारताय? अजिबात दुखत नाही. म्हणजे, थोडं दुखतं. सांगते ना सगळं. निवांत बसलाय ना तुम्ही?"